उथळ पाणी, चरणारी बदके: गोव्याच्या तिसवाडीतल्या एका तळ्याच्या प्रकल्प नोंदी, हंगाम 2024-25

21 सप्टेंबर 2024: पट्टी

चवथ आटोपली, पाऊस ओसरू लागला. बदके यायच्या आत पाण्याचे काम उरकायचे आहे. या हंगामात बदकांच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळची पाण्याची पातळी लिहायची. पातळी नसेल तर तो आकडा तक्त्यात जाणार नाही.

कारण सरळ आहे. तलवार बदक, भुवई, चक्रांग, तरंग, हळदी-कुंकू ही सगळी बुडी न मारता चरणारी. चोच, डोके किंवा मान जिथवर पोचते तिथवरच त्यांचे अन्न. पाणी वीतभर असले की दिवसभर चरतात. तेच कमरेएवढे झाले की त्याच तळ्यात फक्त विश्रांतीला उतरतात. 'यंदा बदके कमी' असे म्हणताना तळ्यात पाणी किती होते ते माहीत नसेल, तर त्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तळ्याचे नाव नोंदीत घातलेले नाही. विश्रांतीची जागा जाहीर झाली की बांधावर कॅमेऱ्यांची रांग लागते. वाचणाऱ्याला पद्धत हवी, आणि ती करमळी, कुडतरी किंवा कुडचड्याजवळच्या नंदा तळ्यालाही तशीच लागू पडते.

पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीसाठी 2 मीटर लांबीचा, सव्वा इंची जी.आय. पाइप. त्यावर सेंटिमीटरच्या खुणांची पांढरी पट्टी, दर 10 सेंमीला ठळक काळा आकडा, बांधावरून दुर्बिणीने वाचता येईल एवढा मोठा. जागा पाणी सोडायच्या दाराजवळ, कारण तळ्याचा सर्वांत खोल भाग तोच आणि उन्हाळ्यापर्यंत पट्टी कोरडी पडत नाही. पण दाराच्या अगदी तोंडाशी रोवू नये. दाराला लावलेली फळी काढली की तिथे ओढ तयार होते आणि पातळी दोन-तीन सेंटिमीटर कमी दिसते. पाच-सहा मीटर बाजूला घ्यावी.

चिखलात पाइप हळूहळू खचतो, आणि खचलेली पट्टी पाणी वाढल्याचे सांगते. म्हणून दाराच्या चिऱ्याच्या बांधकामावर छिन्नीने एक कायमची खूण केली आणि पट्टीचा शून्य त्या खुणेपासून किती खाली आहे ते लेव्हल नळीने मोजून लिहून ठेवले. नळी पारदर्शक, 8 मिमीची. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते. नळी भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते आधी बघायचे. ही तपासणी दर महिन्याला.

आजची पट्टी: 1.10 मीटर.

28 सप्टेंबर: खोलीचा नकाशा

पट्टी एका ठिकाणची पातळी सांगते. बदकांना किती जागा मिळाली ते कळायला तळाचा उतार माहीत हवा. होडीने आडव्या ओळी धरून दर 25 मीटरला खोली मोजली. बांबूला दर 5 सेंमीला रंगाची खूण, खालच्या टोकाला 10 सेंमी व्यासाची लाकडी चकती. चकती नसेल तर काठी मऊ गाळात घुसते आणि वीतभर जास्त खोली दाखवते. बदकासाठी तळ म्हणजे गाळाचा वरचा थर. काठी जिथे अडते तो कठीण थर नव्हे.

जागेची नोंद फोनच्या जीपीएसने. त्यात पाच-सात मीटरचा फरक पडतो, म्हणून 25 मीटरपेक्षा जवळचे बिंदू घेऊन काही मिळत नाही.

हिशेब असा: नकाशातली खोली, वजा (1.10 उणे आजची पट्टी). एखाद्या बिंदूवर 65 सेंमी पाणी असेल आणि पट्टी 0.75 वर आली, तर तिथे 30 सेंमी उरले. प्रत्येक पातळीला 30 सेंमीपेक्षा उथळ बिंदू किती, हे एकदाच काढून तक्ता केला. पुढे पट्टी वाचली की चरण्याजोगे क्षेत्र लगेच मिळते. उथळ तळ्यात हे क्षेत्र पातळीबरोबर समान गतीने वाढत नाही. आपल्याकडे मधला भाग जवळजवळ सपाट आहे, पट्टी 0.80 च्या खाली गेली की थोड्या दिवसांत मोठा पट्टा एकदम उथळ होतो. हंगामाची किल्ली तिथे आहे.

मोजणी सप्टेंबरातच संपवायची. बदके आल्यावर होडी तळ्यात घालायची नाही.

13 ऑक्टोबर: पहिले पाहुणे, आणि नर-मादीचा रकाना

भुवई बदके उतरली. हिवाळी बदकांत आपल्याकडे बहुधा हीच आधी येतात. पट्टी 1.08, त्यामुळे सगळी काठाच्या गवतात.

या महिन्यात नर-मादीचा रकाना रिकामा ठेवायचा. बदकांचे नर विणीनंतर रंगीत पिसे टाकतात आणि मादीसारखा मळकट वेष घेतात. त्याच काळात उडण्याची पिसेही एकदम गळतात आणि तीन-चार आठवडे पक्ष्याला उडता येत नाही; हे सारे उत्तरेकडे, इथे यायच्या आधी उरकलेले असते. मळकट वेष मात्र अंगावर घेऊनच ती इथे पोचतात. तलवार आणि थापट्या (रुंद चोचीचे बदक) यांचे नर डिसेंबरपर्यंत बरेच रंगात येतात. भुवईचा नर सर्वांत उशिरा, जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून ऑक्टोबरात 'भुवई: सगळ्या माद्या' अशी नोंद आली की ती चुकीची समजावी. उडताना पाहिले तर नराच्या पंखाचा पुढचा भाग मळकट वेषातही फिका निळसर-राखाडी दिसतो. नर ठरवायचा तर तेवढ्यावरच.

भुवई आणि चक्रांग यांची गल्लत दरवर्षी होते. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी. भुवईच्या चेहऱ्यावर पट्टे आहेत: डोळ्यातून गडद रेघ, वर फिकी भुवई, गालावर आणखी एक पुसट रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिका ठिपका. चक्रांगच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बाजूला एक फिकी आडवी रेघ असते. लांबून तीच आधी दिसते. उडताना पंखावरचा हिरवा पट्टा पाहावा (भुवईच्या मादीत तो मळकट). भुवईत त्याच्या पुढे-मागे दोन्ही बाजूंना ठळक पांढरी कड, चक्रांगमध्ये पुढची पांढरी कड रुंद आणि मागची बारीक.

तलवारची मादी: लांब सडपातळ मान, कसलीही खूण नसलेले फिके तपकिरी डोके, राखाडी चोच, टोकदार शेपटी. गडवालची मादी: चोचीच्या कडा नारिंगी, पंखावर पांढरा चौकोन. तरंग: गोल डोके, आखूड निळसर चोच, उडताना पांढरे पोट. थापट्याला चोचीवरून कोणीही ओळखेल, पण चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपला की तो आधार जातो. त्यावर पुढे लिहिले आहे.

हळदी-कुंकू बदक इथले बारमाही. चोचीचे टोक पिवळे, मुळाशी दोन लाल ठिपके, आणि बसलेल्या पक्ष्याच्या पाठीच्या मागच्या भागात पांढरा पट्टा. नर-मादी लांबून सारखेच, म्हणून या जातीत लिंग लिहायचेच नाही.

अडई आणि काणूक (एक छोटे बदक) वेगळ्या रकान्यात. अडई ही वंशाने या गटातली नाही. लांब मानेची, शीळ घालणारी, बारमाही. पण राहते याच उथळ पाण्यात, आणि संख्येने एवढी असते की ती गाळून तळ्याचे चित्र पूर्ण होत नाही.

26 ऑक्टोबर: अंदाजाचा सराव

नव्या निरीक्षकांसाठी. काळ्या कापडावर मूठभर तांदूळ टाकायचे, दहा सेकंद पाहून अंदाज लिहायचा, मग दाणे मोजायचे. जवळजवळ सगळे जण मोठ्या थव्याला कमी लेखतात, आणि थवा जितका दाट तितका जास्त. सुधारणा एकच: आधी दहा दाण्यांचा तुकडा डोळ्यांत बसवायचा, मग तेवढे किती तुकडे मावतात ते मोजायचे. शंभरावर गेले की पन्नासाचा तुकडा. प्रत्येकाच्या अंदाजाचा कल वहीत राहतो, पण त्यावरून तळ्यावरचे आकडे दुरुस्त करायचे नाहीत. माणूस शिकत जातो, जुना गुणक लावला की नवा घोळ होतो.

10 नोव्हेंबर: मोजणीची पद्धत

पट्टी 0.98. तलवार आली, थापट्या आला.

साधने: 8×42 दुर्बीण, 20-60 पट स्कोप, जड ट्रायपॉड, हाताचा क्लिकर, घड्याळ. स्कोप 60 पट असला तरी काम 25-30 पटीवरच होते. त्याहून वर गेले की चित्र काळवंडते आणि पाण्यावरची हवा थरथरताना दिसते. साडेनऊनंतर ही थरथर एवढी वाढते की 300 मीटरवरचा भुवई आणि चक्रांग वेगळे काढता येत नाहीत. सुरुवात सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, सूर्य पाठीशी घेऊन. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुके बसते. ते उठेपर्यंत थांबायचे, अर्ध्या दिसणाऱ्या तळ्याची मोजणी करायची नाही.

बसण्याची जागा बांधाच्या माथ्याच्या जरा खाली. माथ्यावर उभे राहिलेले माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते आणि थवा सरकतो. पण फार खाली बसले तर दाट थव्यातली मागची बदके पुढच्यांच्या आड जातात. पाण्यापासून डोळे दोन-अडीच मीटर वर असतील अशी जागा सर्वांत चांगली.

तीन फेऱ्या. पहिली दुर्बिणीने: कुठे कुठे थवे आहेत त्याचा हाताने नकाशा, त्यांना अ, आ, इ अशी नावे. दुसरी स्कोपने डावीकडून उजवीकडे, जात न पाहता सगळी बदके, क्लिकरवर. तिसरी फेरी जातींचे प्रमाण काढायला: थव्यात ठरावीक अंतराने दहा ठिकाणी स्कोप थांबवायचा आणि त्या गोलात दिसणारे सगळे पक्षी जातीनिहाय लिहायचे. एकूण संख्येला हे प्रमाण लावायचे. थवा लहान असेल, शंभराच्या आत, तर सरळ एक-एक ओळखून मोजावे.

दोन निरीक्षक, एकमेकांचे आकडे न ऐकता. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त आला तर दोघांनी पुन्हा मोजायचे. सरासरी काढून प्रकरण मिटवायचे नाही. एवढा फरक आला म्हणजे बहुधा एकाने एखादा आडोसा पाहिलेलाच नसतो.

झोपलेली बदके कुशीवरून आणि मागच्या अंगावरून ओळखावी. थापट्याच्या नराची कूस तांबूस आणि तिच्यापुढे छाती पांढरीशुभ्र. तलवार नर: राखाडी कूस, शेपटीखाली काळा आणि त्याला लागून मलईरंगी डाग. चक्रांग नर: शेपटीच्या बाजूला पिवळट त्रिकोण, कुशीवर पांढरी आडवी रेघ. तरंग नर: मागच्या काळ्या भागाच्या आधी पांढरा डाग. माद्यांचा थवा चोची खुपसून झोपला असेल तर वाट पाहावी. वीस मिनिटांत बरीचशी डोकी वर करतात. तरीही जात ठरली नाही तर 'बदक, जात अनिश्चित' हा रकाना आहे, तो वापरावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही असा पर्याय असतो. संख्येच्या जागी 'आहेत' एवढीच खूण करून सोडू नये. ढोबळ आकडा त्याहून उपयोगी.

थवा मोजताना उडाला तर: मोजणी तिथेच थांबवून वेळ लिहायची, आडव्या दिशेने एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घ्यायचे आणि घरी संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका ठेवून मोजायचे. डॉटडॉटगूस नावाचे मोफत सॉफ्टवेअर याच कामाचे आहे. फोटो दोन-तीन सेकंदांत संपवावे, नाहीतर वळून आलेला तोच थवा दुसऱ्या फोटोत परत मोजला जातो.

23 नोव्हेंबर: चरण्याच्या चार तऱ्हा

पट्टी 0.93. देवभात (रानभात) पिकून दाणे पाण्यात पडू लागले आहेत.

आजपासून दर पंधरा मिनिटांनी थव्यावरून स्कोप फिरवून प्रत्येक बदक त्या क्षणी काय करते ते लिहायचे. खुणा: पृ म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चोच, डो म्हणजे डोळ्यांपर्यंत डोके आत, मा म्हणजे पूर्ण मान आत, उ म्हणजे शेपटी आकाशाकडे करून अर्धे अंग आत. शिवाय विश्रांती, पिसे साफ करणे, पोहणे, मान उंच करून सावध.

ही चार खुणांची नोंद म्हणजे बदकाने स्वतः करून दिलेले खोलीचे माप आहे. भुवई पृ-डो वरून मा-उ वर गेली की ती तिच्या सोयीच्या खोलीच्या कडेला आली. उलटे होऊन चरण्यात बदकाची शक्ती जास्त जाते आणि त्या वेळात आजूबाजूचे काही दिसत नाही. तलवारची मान लांब, म्हणून तोच पट्टा तिला महिनाभर आधी मोकळा होतो. एकाच वेळी काठाशी भुवई डो मध्ये आणि थोड्या आत तलवार उ मध्ये, हे चित्र आज स्पष्ट होते.

थापट्या या हिशेबात बसत नाही. तो चोचीच्या कडेच्या बारीक फणीने पाणी गाळतो, डोके डावी-उजवीकडे फिरवत पृष्ठभागावरूनच खातो. कित्येकदा पाच-सात जण गोलात फिरत पाणी ढवळतात. त्याला खोल पाण्यातही खायला मिळते. म्हणून थापट्याच्या खुणा खोलीच्या आलेखात घ्यायच्या नाहीत.

1 डिसेंबर: संध्याकाळचे उड्डाण

अमावास्या. पट्टी 0.90.

दिवसा तळ्यावर मोजलेला आकडा विश्रांतीचा असतो. चरायला बरीच बदके सूर्यास्तानंतर निघतात, आणि आपल्या भागात त्यांचे रात्रीचे शेत म्हणजे खाजन, खाडीकाठची बांध घालून राखलेली भातजमीन. सरद म्हणजे पावसाळी पीक, त्यात काही ठिकाणी अजून कोरगुट हा खाऱ्या जमिनीतला भात, कापून झाले आहे. खुंटांत सांडलेले दाणे आणि वीतभर पाणी. अडईसुद्धा रात्रीच चरते.

माणसे दोन ठिकाणी: एक तळ्याच्या बांधावर, एक खाजनाच्या बांधावर. दोघांची घड्याळे आधी मिळवून घ्यावी. एका मिनिटाचा फरकही थवे जुळवताना त्रास देतो. सूर्यास्त सहाच्या सुमारास. निरीक्षण साडेपाचपासून आकृती दिसेनाशी होईपर्यंत. वहीत मान घालून लिहू नये, फोनवर बोलून नोंदवावे: वेळ, संख्या, दिशा, आकृती. उजेडात डोळे दिपू नयेत म्हणून फोनचा पडदा लाल आणि मंद.

अंधुक उजेडात आकृती पुरतात. तलवार: लांब मान, टोकदार शेपटी, वेगवान सरळ रांग. भुवई-चक्रांग: लहान, घट्ट गट्टा, एकदम वळणारा. थापट्या: पुढचा भाग जड, पंख मागे बसवल्यासारखे. अडई: पंख रुंद, उड्डाण संथ, मान किंचित खाली, आणि अखंड शीळ. आवाज कानांनी टिपावे: चक्रांग नराची छोटी घंटेसारखी 'क्रिक', तरंगची लांब शीळ, भुवई नराची कोरडी 'कर्रर्र'. बॅटरी मारून पाहू नये. एकदा उठलेला थवा त्या शेतात त्या रात्री परत बसेलच असे नाही.

खाजनात भरतीची वेळ लिहावी. मानशीची (खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची) दारे ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून आत-बाहेरचा फरक मोठा. दाराची फळी कुजली असेल किंवा मासळीसाठी दार अडवून ठेवले असेल तर भरतीचे खारे पाणी आत येऊन साठते, खोलीही वाढते आणि खारटपणाही. त्या शेतात बदके उतरत नाहीत, बगळे मात्र दिसतात.

सुरक्षितता: कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि लगतच्या खाजनांत मगरी आहेत. पाण्यात पाय घालायचा नाही, पोंयीच्या (खाजनातल्या डोहाच्या) काठावर अंधारात बसायचे नाही. बांधावरच्या शेतकऱ्याला आधी सांगून जावे. पौष अमावास्येला मातीची मगर घडवून पूजणारी ही माणसे, कुठे बसू नये ते त्यांना नकाशापेक्षा चांगले माहीत असते.

14 डिसेंबर: वायंगण, फळ्या आणि गाळाचे नमुने

पट्टी 0.79. गेल्या आठवड्यात वायंगणासाठी (हिवाळी भातपिकासाठी) दाराची पहिली फळी काढली. फळी 15 सेंमीची. पण एक फळी म्हणजे लगेच 15 सेंमी नव्हे, खालच्या शेतांत पाणी किती ओढले जाते त्यावर दिवस ठरतात. बाष्पीभवनाने कोरड्या दिवसांत रोज चार-पाच मिलिमीटर जातात ते वेगळे.

सपाट भाग उघडा पडला आणि थवा काठाचे गवत सोडून मध्यावर आला. खुणांत बदल स्पष्ट: तलवारच्या उ कमी, मा जास्त. सबंध हंगामातली सर्वांत मोलाची नोंद हीच. गोव्यातली ही तळी शेतीसाठी बांधलेली आहेत. त्यांचे पाणी शेतकऱ्याच्या गरजेने खाली येते, आणि त्याच गतीने बदकांना रोज नवा ओला पट्टा मिळतो. दार एकदम उघडून तळे आठवड्यात रिकामे केले तर सगळे अन्न एकाच वेळी उघडे पडते आणि उरलेले वाळते. वायंगण सोडून दिले आणि दार बंदच राहिले तर पाणी खोल राहते आणि मध्यावर जलपर्णी किंवा साल्व्हिनिया हे तरंगते तण पसरते. बदकांना वायंगण हवे आहे. तळे 'वाचवण्याच्या' नावाने त्याच्याभोवती काँक्रीटची भिंत आणि चालण्याची वाट बांधणाऱ्या प्रत्येक योजनेपुढे हे ठामपणे मांडायला हवे. उतार गेला की उथळ काठ गेला, आणि उथळ काठ हेच बदकांचे घर.

गाळाचे नमुने: आतला व्यास 5 सेंमी असलेला पीव्हीसी पाइप 10 सेंमी खोल दाबायचा, वरचे तोंड तळव्याने घट्ट झाकून उचलायचा. तोंड झाकले नाही तर गाळ सुटून खाली राहतो. फक्त काठावरून पोचता येणाऱ्या जागी, भर दुपारी, थवा लांब असताना. नमुना 0.5 मिमी जाळीच्या चाळणीत पाण्याखाली धुवायचा, उरलेले पांढऱ्या ताटात पसरून बिया चिमट्याने वेचायच्या, सावलीत वाळवून 0.01 ग्रॅमच्या काट्यावर तोलायच्या. एका नमुन्याचे क्षेत्र 19.6 चौरस सेंमी. म्हणून वजनाला 509 ने गुणले की चौरस मीटरमागे किती ते मिळते. एवढ्या मोठ्या गुणकामुळे एक जड बीसुद्धा आकडा उडवते, तेव्हा एका पट्ट्यातून निदान दहा नमुने घेऊन सरासरी काढावी. दाबून फुटणाऱ्या पोकळ बिया आधी बाजूला काढाव्या. देवभाताची टरफले ताटात खूप दिसतात, दाणे कमी.

29 डिसेंबर: वर्दळ

पट्टी 0.74. सुट्यांचे दिवस. वर्दळीचा वेगळा कागद: वेळ, कारण, अंतर, थव्याची प्रतिक्रिया, परत बसायला लागलेली मिनिटे. प्रतिक्रियेच्या पायऱ्या ठरलेल्या: माना उंच, चरणे बंद, एकमेकांजवळ सरकणे, पोहत दूर जाणे, उड्डाण. फोटो काढणाऱ्याने पहिल्याच पायरीवर थांबावे. माना उंच झाल्या म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. ड्रोन तळ्यावर उडवायचाच नाही. फटाक्यांची रात्र येत आहे, तेव्हा 1 तारखेला सकाळी मोजणी ठेवली तरी तो आकडा नेहमीच्या मालिकेत मिसळायचा नाही.

12 जानेवारी 2025: आशियाई पाणपक्षी गणना

1987 पासून दर जानेवारीत होणारी गणना. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल यांच्या समन्वयाने. पट्टी 0.68.

शेजारच्या तळ्यांवर एकाच वेळी, साडेसात ते साडेनऊ. कारण करमळीला उठलेला थवा थोड्या वेळात दुसऱ्या पाण्यावर बसू शकतो, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजले तर तो दोनदा मोजला जातो. कागदावर 'पूर्ण तळे पाहिले की काही भाग' हा रकाना रिकामा ठेवू नये. पाहिले आणि पक्षी नव्हते तर शून्य लिहावे. दहा वर्षांनी पाहणाऱ्याला शून्य आणि न पाहिलेले यांतला भेद तेवढ्यावरूनच कळतो. वारकरी (पांढऱ्या चोचीचा काळा पाणपक्षी) आणि जांभळी पाणकोंबडी बदकांच्या बेरजेत सरकवू नये. दाट थव्यात दुरून वारकरी सर्रास बदकांत जातो, पांढरी चोच दिसेपर्यंत थांबावे.

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरला आणि सगळा थवा उठला. फेरी टाकून बहुतेक परत बसली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून घेतली.

2 फेब्रुवारी: पाणथळ दिन, साल्व्हिनिया, भुवईचे नर

1971 साली याच तारखेला इराणमधल्या रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. गोव्यातले पहिले रामसर स्थळ नंदा तळे, 2022 साली, 42 हेक्टर.

पट्टी 0.61. भुवईचे नर रंगात आले, पांढरी भुवई लांबूनच दिसते. लिंगाचा रकाना आजपासून या जातीसाठी उघडला.

दक्षिण कोपऱ्यात साल्व्हिनियाचा गालिचा. बदके त्यावर उतरत नाहीत. खाली उजेड जात नाही आणि पाण्यातली वनस्पती मरते. हाताने काढायचा तर वाऱ्याच्या दिशेने तरंगता दोर लावून एका कोपऱ्यात ओढून घ्यावा, काठावर न टाकता लांब नेऊन वाळवावा. काठावरचा ढीग पहिल्या पावसात परत पाण्यात जातो. तुटलेल्या तुकड्यातून नवे रोप उगवते, म्हणून कुऱ्हाड-कोयत्याने तोडून पसरवणे घातक. केरळात 1980 च्या दशकात सोडलेल्या भुंग्याने हे तण आटोक्यात आणले होते, पण तसले काम सरकारी तज्ज्ञांवाचून कोणी हाती घेऊ नये. आपल्याकडे काढणी बदके गेल्यावर, एप्रिलात.

23 फेब्रुवारी: मेलेला पक्षी दिसला तर

पट्टी 0.52, पाणी कोमट, काठाला कुजका वास. हा काळ जपण्याचा. मान लुळी पडलेली, पंख ओढत सरकणारी बदके दिसली तर बोटुलिझमची शंका घ्यावी. कुजणाऱ्या पदार्थांत, उष्ण आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळात जिवाणू विष तयार करतात. नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानच्या सांभर तलावावर याच रोगाने हजारो पक्षी मेले, त्यांत थापट्याही होते. बर्ड फ्लूची शक्यताही धरून चालावे. हात लावू नये, जागा आणि वेळ लिहून दुरून फोटो घ्यावा, वन खाते आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवावे, कुत्री आत येऊ देऊ नये. बूट तिथेच धुवून दुसऱ्या तळ्यावर जावे.

पायात कडी असलेला पक्षी दिसला तर क्रमांक जितका वाचता येईल तितका लिहून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावा. अर्धा क्रमांकही टाकून देऊ नये.

16 मार्च

पट्टी 0.38. तलवार जवळजवळ नाहीत. भुवई आहेत, सारखी खात आहेत, विश्रांतीच्या खुणा एकदम कमी. लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवायची असते. याच आठवड्यांत मासेमारीची पावणी (लिलावातला ठेका) घेतलेली माणसे जाळी घेऊन तळ्यात उतरतात. त्यांचा हक्क आहे. विनंती एवढीच केली की सुरुवात दाराच्या बाजूने करावी आणि वरचा उथळ पट्टा शेवटी घ्यावा. ऐकून घेतले.

5 एप्रिल: फाइल बंद करण्याआधी

भुवई गेली. हळदी-कुंकू, अडई, काणूक उरली.

पट्टीचा शून्य चिऱ्यावरच्या खुणेशी ताडला: 2 सेंमी खचला आहे. दर महिन्याच्या तपासणीवरून केव्हा किती खचला ते माहीत आहे, त्याप्रमाणे पातळ्या दुरुस्त केल्या. मूळ वाचन खोडले नाही, शेजारी दुरुस्त आकडा लिहिला.

आलेखात आडवी रेघ दिवसांची ठेवली नाही, 30 सेंमीपेक्षा उथळ क्षेत्राची ठेवली. त्यावर भुवई आणि तलवारची चरणारी संख्या. थापट्या वेगळा.

कोमुनिदादच्या (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) सप्टेंबरातल्या बैठकीसाठी एका पानाचा मजकूर, आकड्यांसह: पहिली फळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पुढची प्रत्येक फळी खालच्या शेताची गरज पाहून पण शक्यतो दोन आठवड्यांच्या अंतराने, वरच्या पट्ट्यातले गाळ उपसणे नको, उपसायचेच तर दाराजवळ, साल्व्हिनिया एप्रिल-मेमध्ये. सोबत खोलीचा नकाशा आणि फळ्यांच्या तारखा लिहायला कोरा तक्ता, दार सांभाळणाऱ्याच्या हातात देण्यासाठी.